प्रश्न आधी, नाव मागाहून

नव्याने नोकरीला लागलेले शिक्षक अजूनही माझ्याकडे येतात. मांडवीतल्या या इमारतीला लिफ्ट नाही आणि माझे गुडघे जिना उतरू देत नाहीत, त्यामुळे मी घरी सापडतोच. लेकीच्या घरातल्या खिडकीजवळच्या खुर्चीत मी बसलेला असतो. ते समोर बसून विचारतात, सर, वर्ग कसा घ्यायचा?

मी ठरलेलं सांगतो. नाव घेऊन मग प्रश्न विचारलात, तर ज्याचं नाव घेतलं तो एकटाच विचार करतो. बाकीचे सुटलो म्हणून बाहेर बघतात. तेव्हा प्रश्न आधी, नाव मागाहून. मध्ये थांबायचं. ती शांतता मास्तरला खायला उठते, आपणच उत्तर देऊन मोकळं व्हावंसं वाटतं. द्यायचं नाही. त्या थांबण्यात सगळा वर्ग कामाला लागलेला असतो.

हे मी आजही मानतो, त्यात खोटं काही नाही. खोटं पुढे आहे. आलेल्यांपैकी कोणीतरी हमखास म्हणतं, सर, तुम्ही स्वतःच्या मुलीलाही वर्गात झुकतं माप दिलं नाहीत, असं ऐकलंय. माझ्या निवृत्तीच्या सत्कारात कोणीतरी हे कौतुकाने सांगितलं, तेव्हापासून ते मला चिकटलं आहे. मी मान हलवतो. आत लेक चहा करत असते. दोन खोल्यांच्या घरात तिला सगळं ऐकू जातं.

आमची शाळा खाडीकाठच्या गावात होती. शिक्षक दोघेच, आणि तिसरी-चौथी माझ्याकडे. त्यामुळे लेक तिसरीत गेली ती माझ्याच समोर येऊन बसली. घरात मी बाबा, शाळेच्या पायरीपासून सर. सकाळी आम्ही दोघं खाडीच्या बांधावरून चालत जायचो. एका सकाळी भरती होती. पाणी गावाच्या अंगाला चढत होतं आणि त्याच्यावरून माडाची एक झावळी डोंगराच्या दिशेने चालली होती. लेक बघत उभी राहिली. उशीर होईल म्हणून मी तिचा हात ओढला.

त्याच दिवशी मी वर्गाला विचारलं, आपल्या खाडीचं पाणी कुठून कुठे वाहतं? आणि थांबलो. तिचा हात सगळ्यांच्या आधी वर गेला. मी तिचं नाव घेतलं.

"समुद्राकडून डोंगराकडे," ती म्हणाली.

वर्ग हसला. दाराशी गावातले एक वजनदार गृहस्थ नातवाच्या दाखल्यासाठी उभे होते. ते म्हणाले, "मास्तर, घरची शिकवणी बाकी राहिलेली दिसते."

तिने सकाळी जे पाहिलं ते बरोबर होतं. मीही ते पाहिलं होतं. चला रे, सगळे खाडीवर चला, एवढंच म्हणायचं होतं. खाडी शाळेमागेच होती. त्याहून चांगला पाठ मला नोकरी संपेपर्यंत सापडला नाही. मी म्हणालो, "खाली बस. नीट ऐकत जा."

त्यानंतर मी वर्गात तिचं नाव घेतलं नाही. प्रश्न विचारून थांबलो की तिचा हात वर असायचा आणि माझी नजर त्याच्यावरून पुढे सरकायची. काही दिवसांनी तो हात खांद्यापर्यंतच येऊ लागला. मग मांडीवर राहिला. पोरीला वर्गात का विचारत नाही, असं बायकोने विचारलं तेव्हा मी तिला सांगितलं, मास्तरने आपपरभाव ठेवू नये. हे वाक्य मला इतकं आवडलं की मीही त्याच्यावर विश्वास ठेवला.

लेक पुढे शिक्षिका झाली. तिचीही शाळा दोन शिक्षकांचीच, आणि यंदा तिची मुलगी तिच्या वर्गात आली आहे. दोघी स्कूटीवरून जातात. एका संध्याकाळी नात मला म्हणाली, "आजोबा, मी आता हात वर करतच नाही. आई मला विचारतच नाही."

रविवारी लेक कोळंबी सोलत बसली होती. मी म्हटलं, पोरीला विचारत जा गो वर्गात.

"तुम्ही मला विचारायचात?" तिने वर न बघता विचारलं. "लोकं लगेच म्हणतात, बाईंची मुलगी. तुमचंच बघून शिकले मी, बाबा."

मग मी सांगितलं. "आपपरभाव वगैरे काही नव्हतं. मला भीती वाटायची. तू परत काही बोलशील आणि माझं हसं होईल. आणि त्या दिवशी तू चुकली नव्हतीस. भरती होती."

"ठाऊक आहे. झावळी तुम्हीपण बघितली होती." तिने सोललेली कोळंबी पातेल्यात टाकली. "सत्कारात सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, तेव्हा मीपण वाजवल्या. काय करणार होते?"

उठून कुठेतरी निघून जावं असं फार वाटलं. पण मला खुर्चीतून उठवायलाही तीच लागते. कोळंबी संपेपर्यंत मी तिथेच बसून राहिलो.

त्याच आठवड्यात एकदा नात घरी आली ती दप्तर आदळतच. आईने तिला प्रश्न विचारला होता. उत्तर चुकलं, आणि मुलं हसली.

"मग आई काय म्हणाली?"

"म्हणाली, तुला असं का वाटलं ते सांग. मला सांगता येईना. तर ती थांबलीच. किती वेळ थांबली, आजोबा! सगळे गप्प."

"मग?"

"मग सांगितलं."

लेक दारात हेल्मेट अडकवत होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

परवा पुन्हा दोन नवे शिक्षक येऊन गेले. झुकत्या मापाची गोष्ट निघाली. मी म्हणालो, ते तसं नव्हतं, आणि आत कपबश्यांचा आवाज थांबला. मी त्यांना त्यांच्या शाळेचं विचारलं. त्यांना वाटलं, सर विनयाने बोलतायत. ते पाया पडून गेले.

जेवताना मी लेकीला विचारलं, हे लिहून काढू का?

"लिहा," ती म्हणाली. "माझं नाव नका घालू. सरांची मुलगी एवढंच लिहा. शाळेत मला तेवढंच नाव होतं."

मग मी माझंही घातलं नाही.