टाकीवालीची बोटं

खामगावला आमच्या गुळगुळीत झालेल्या जात्याला छिन्नीनं टाकी लावायला एक बाई यायची. सरकारनं जन्मापासूनच गुन्हेगार ठरवलेल्या जमातीतली. कुठंही चोरी झाली की पोलीस आधी त्यांच्या पालांवर जात आणि बोटांचे ठसे घेत.

एकदा ती आली आणि छिन्नी न काढताच बसली. "बाई, उलसं लोनी दे."

"खायाले?"

"बोटाले लावाले."

दगड ठोकून तिच्या बोटांवरच्या रेषा झिजल्या होत्या. परवाच्या चोरीनंतर ठाण्यात घेतलेला तिचा ठसा कोराच उमटला. तिनं त्या मुद्दाम घासल्या, असं जमादाराचं म्हणणं. सोमवारी ठसा नीट आला नाही तर आत टाकतो, असं त्यानं बजावलं होतं.

"मंग तोवर काम बंद ठेव ना."

"बंद ठेवलं का पोलीस म्हनते, धंदा नाही इले, चोरीच करते." ती हसली आणि एकेक बोट चोळत राहिली.

सोमवारी तिला कोठडीत टाकलं. मी ठाण्यावर गेले. चोरी झालेल्या पेटीवर ठसे सापडले होते.

"ते हिचे हायेत का?"

"सांगता येत नाही."

"मंग सोडा तिले."

"बाई, जुळत नाहीत म्हनाले तरी हिचे ठसे पायजेत ना!" जमादारानं मला समजावलं.

कोठडीतून तिनं माझ्याकडं पाहिलं आणि दोन्ही हात पदराखाली घेतले.