तंबूत राहायला मिस्टरांचं नाव कशाला?

मैत्रिणींनो, आज सकाळपासून डोकं तापलंय.

कॉलेजच्या आम्ही चौघी मैत्रिणी शनिवारी अभयारण्याजवळ तंबूत मुक्काम करणार आहोत. पुढच्या आठवड्यात आमच्यातल्या सुमनच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. त्यानंतर तिला जमिनीवर बसणं जमणार नाही, म्हणून ही घाई.

सुमनच्या गंगापूर रोडच्या घरूनच मी कॅम्पवाल्याला फोन लावला.

"मॅडम, सोबत जेंट्स कोण?"

"कोणी नाही. आम्ही चौघीच."

"मग नाही जमणार. नुसत्या लेडीजना आम्ही तंबू देत नाही. सेफ्टीचा प्रश्न असतो."

"सेफ्टी कोणापासून?"

मग तो म्हणाला, "मिस्टरांचं नाव तरी द्या. ते आले नाहीत तरी चालेल."

म्हणजे माणूस नको, नुसतं नाव पुरे!

मी फोन ठेवणार, तेवढ्यात सुमन म्हणाली, "अगं, दे ना भाऊजींचं नाव! तुझं भांडण नंतर कर. मला एकदा जाऊन येऊ दे."

तिच्याकडे बघून मी नाव दिलं. बुकिंग लगेच झालं.

आमचे हे घरात पाल दिसली तरी मला हाका मारतात. जंगलात म्हणे त्यांचं नाव आमचं रक्षण करणार!

सांगा, तुम्ही नाव दिलं असतं?