सासऱ्यांची एकनळी

माझ्या सासऱ्यांनी आयुष्यात एकच वस्तू जिवापाड जपली, ती म्हणजे त्यांची एकनळी बंदूक. बायको गेली, मुलं पांगली, पण त्यांचा तेल-फडक्याचा नेम चुकला नाही. रानडुकरांपासून शेती राखायला म्हणून सरकारने परवाना दिलेला, आणि त्यावर त्यांचा गावभर दरारा. ते नुसते खाकरले तरी मुलं उठून उभी राहत. माझा नवरा अजूनही उभा राहतो, अबुधाबीत शिकारीच्या सामानाच्या दुकानात रायफली विकतो तरी.

गेल्या वर्षी तिन्हीसांजेला काजूच्या बागेत त्यांनी डुक्कर समजून स्वतःचाच कुत्रा मारला. पिल्लू असल्यापासून हाताने वाढवलेला. घरी येऊन म्हणाले, मध्ये कशाला तडमडला, आणि चहा मागितला. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली सांभाळा, म्हणाले. सासऱ्यांनी डॉक्टरलाच मूर्खात काढलं. माझा नवरा आणि थोरले दीर, दोघा भावांनी मात्र हाय खाल्ली, कारण उद्या कुत्र्याच्या जागी माणूस असला तर?

गावाकडे निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात आणि निकालानंतर परत मिळतात. सासरे ती स्वतः नेऊन ठेवत, स्वतः आणत. या खेपेला ते ठेवून आले आणि थोरल्या दिरांनी त्यांना विमानात बसवून अबुधाबीला आमच्याकडे पाठवलं. परवान्याची मुदत संपत आली होती. ती वाढवायचीच नाही, हे भावाभावांत फोनवर ठरलं. म्हाताऱ्याला सांगायची मात्र कुणाची छाती झाली नाही.

मग आमच्या मोहम्मद बिन झायद सिटीतल्या फ्लॅटमध्ये रोज सकाळी तोच प्रश्न. निकाल लागला ना, मग सोडली का बंदूक? तिकडून दीर सांगत, साहेब रजेवर आहेत. कधी म्हणत, कपाटाची किल्ली सापडत नाही. मी बाजूला भाजी निवडत ऐकायचे. म्हाताऱ्याचा मला कधी लळा नव्हता, लग्नानंतर ते माझ्याशी चार चांगले शब्द बोलले नाहीत. तरी हा पोरखेळ बघून मला किळस येई. नवऱ्याला मी किती वेळा म्हटलं, एकदाचं सांगून टाक. तो म्हणे, दादा सांगेल.

एका संध्याकाळी सासऱ्यांनी दुकान बघायचा हट्ट धरला. आम्ही लेकीला घेऊन सगळेच गेलो. दाराशी पेंढा भरलेला रानबोकड होता. त्याच्या अंगावरून त्यांनी हात फिरवला आणि शिंगांचं कौतुक केलं. पलीकडे जाकीट घालून एक प्लास्टिकचा पुतळा उभा होता.

तेवढ्यात एक वयस्कर अरब गिऱ्हाईक आलं, छान हिंदी बोलणारं. परदेशी शिकारीला जातो, म्हणालं, सगळ्या कामाला चालेल अशी एकच रायफल दाखव. नवऱ्याने पाठ केलेलं सुरू केलं. दिवसभर खांद्यावर पेलवेल इतकी हलकी, पण धक्का फार देणार नाही इतकी जड. काडतूस कुठेही मिळणारं. चाप हलका, पण हावरा नको. सगळं खरं होतं, पण त्याने जन्मात एक गोळी झाडलेली नाही.

सासऱ्यांना राहवेना. त्यांनी मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं की हे सगळं नंतर. आधी निशाण हेरा, डोळे मिटा, बंदूक खांद्याला लावा, मग डोळे उघडा. नेम धरला होता तिथेच नळी असली तर ती बंदूक तुमची. माझी एकनळी चाळीस वर्षं तशीच बसते. अरब म्हातारबुवा खूश झाले. म्हणाले, करून दाखव.

नवऱ्याने रिकामी रायफल दिली. सासऱ्यांनी डोळे मिटले, ती खांद्याला लावली, गाल टेकवला. इतके देखणे मी त्यांना कधी पाहिले नव्हते. डोळे उघडून ते हसले.

"किस पर लगाया?" गिऱ्हाइकाने विचारलं.

"वो बकरा. सीधा गर्दन पर."

नळी पुतळ्याच्या छातीवर होती. आम्ही सगळ्यांनी पाहिलं. माझी लेक खिदळली. "आजोबा, दॅट्स नॉट द गोट. दॅट्स अ मॅन."

सासऱ्यांनी रायफल खाली घेतली. गिऱ्हाईक मान वळवून दुसरीकडे बघू लागलं. आणि माझ्या नवऱ्याला, जन्मभर बापासमोर तोंड न उघडलेल्या माणसाला, नेमकी तेव्हाच वाचा फुटली.

"बाबा, बंदूक मिळणार नाही. मुदत संपली, दादाने परवाना वाढवलाच नाही. खलास."

आवाज मऊ नव्हता. लहानपणापासून साठलेली भीती त्याने परक्या माणसासमोर, भर दुकानात काढली, आणि ती काढताना त्याला बरं वाटत होतं. मी त्याची बायको आहे, मला कळतं. त्या क्षणी मला तो आवडला नाही.

सासऱ्यांनी रायफल काउंटरवर ठेवली आणि गिऱ्हाइकाला म्हणाले, अच्छी है, ले लो.

परतताना गाडीत ते पुढे बसले होते. मुसाफ्फाची कारखान्यांची वस्ती मागे पडली. मग त्यांनी शांतपणे विचारलं, "म्हणजे कधीपासून ठरलं होतं?"

"तुम्ही यायच्या आधी," नवरा म्हणाला.

"आणि मी रोज विचारत होतो."

नवऱ्याने गाडी आमच्या इमारतीकडे वळवली.

"त्या कुत्र्याला मी एका बारात मारलं," सासरे म्हणाले. "तुमच्यासारखं तळमळत ठेवलं नाही."