जमीलच्या काँप्युटरचा माठ

कळमनुरीच्या बसस्टँडमागं जमीलचं शूटिंगचं दुकान होतं. बाप कूलर दुरुस्त करायचा, जमीलनं लग्नांच्या कॅसेटी काढायला घेतल्या. दोन हजार चारच्या मे महिन्यात पत्र्याखाली त्याचा काँप्युटर असा तापायचा, की सीडी बनवायला लावली की अर्ध्यातच बंद पडायचा. रात्री लाइट नसायची, म्हणजे काम भर दुपारीच.

तांड्यावरच्या भीमसिंगानं अंथरूण धरलं होतं, खाणं सोडलं होतं. एकच धरून बसला होता, खेमाचं लग्न बघायचं. खेमा त्याचा थोरला, मागच्या साली ट्रकखाली गेलेला. लग्नाची घरची कॅसेट भाड्याच्या व्हीसीआरनं खाल्ली. मूळ टेप तेवढी जमीलकडं. भीमसिंगाची बायको चंदाबाई पुन्हा रिकाम्या हातानं परतली, तेव्हा जमीलनं बापाची हत्यारांची पेटी उघडली.

फ्रिजवाल्याकडून तांब्याची नळी आणली, वेटोळं करून तांब्याच्या पट्टीवर झाळली आणि पंखा काढून ती प्रोसेसरवर दाबून बसवली. पाणी फिरवायला कूलरची मोटर. अन् पाणी गार राहावं म्हणून टाकीच्या जागी माठ. मोटर त्याच्या तोंडापाशी, पाण्यात जेमतेम बुडेल अशी तारेनं टांगली. आधी काँप्युटर बंद ठेवून, खाली पेपर अंथरून पाणी फिरवलं. पेपरावर ओला ठिपका उमटला. सांधा पुसून एम-सील भरलं, वाळू दिलं, पुन्हा फिरवलं. पेपर कोरडा. मग मशीन चालू केलं. पडद्यावरचा गरमीचा आकडा चढला, थांबला अन् तिथंच राहिला. जमीलनं खेमाच्या लग्नाची टेप लावून सीडी करायला घेतली.

सीडी संपत आली होती तेव्हा चंदाबाई उन्हातून आली. ओठ फुटलेले. पडद्यावरची नजर न काढता जमील म्हणाला, "आधी पानी घ्या, मावशी."

आल्या माणसाला त्याचा बापही हेच म्हणायचा. चंदाबाईला समोर माठ दिसला. तांब्या बुडवून ती प्याली, तोंडावर मारलं, पुन्हा प्याली. टांगलेली मोटर उघडी पडली, घरघरली. नळीत बुडबुडे आले. आकडा पळत सुटला अन् पडदा काळा झाला.

"माझ्यानं झालं का, भाऊ?"

"मीच म्हणलो ना, घ्या म्हणून."

तिनं नळ्यांकडं बघितलं. "म्हंजी हे पानी खेमासाठी व्हतं."

जमीलनं शेजारच्या लखमाच्या हॉटेलातनं पाणी आणून माठ भरला. मशीन निवू दिलं. पुन्हा पहिल्यापासून. चंदाबाई माठाला पाठ लावून बसली. थोड्या वेळानं लखमाच ग्लास घेऊन आला.

"माझ्याच रांजणातलं हाय, घोटभर दे की."

"न्हाई."

"काहून? माहेराहून आणला का माठ?"

"व्हय. जा तू."

पडद्याच्या कोपऱ्यात हळदीनं पिवळा खेमा हसून राहिला होता. चंदाबाई तिकडं बघत नव्हती. नळीतल्या पाण्यावरच तिचा डोळा.

"बघा की, मावशी," जमील म्हणाला.

"त्यायच्यासंगं बघंन."

उन्हं कलली तेव्हा तिचा पुतण्या देविदास आला. भिंतीला टेकवलेली सायकल पडली, त्यानं उचलली नाही. काकीकडं न बघता सरळ माठाकडं वळला. चंदाबाईनं हात आडवा घातला.

"त्यातलं न्हाई."

"काकी..." तो हात मागं घेत म्हणाला. "घरी चल."

तिनं त्याच्या धुळीनं भरलेल्या तोंडाकडं बघितलं.

"गेले का?"

देविदासनं मान डोलावली.

चंदाबाईचा हात खाली आला. तिनं तांब्या उचलला, माठात खोल बुडवून भरला अन् त्याच्या हातात दिला. "पी."

तो घटाघटा प्याला. तिनं आणखी एक भरून दिला. मोटर घरघरायला लागली.

"बंद कर आता, भाऊ," चंदाबाई म्हणाली अन् पदर डोक्यावर घेऊन पायरी उतरली.

जमीलनं बटनाकडं हात नेला नाही. रिकामी बादली उचलून तो लखमाच्या हॉटेलाकडं पळाला.