जमनाने सुकवलेल्या सिगार

तारापूरजवळच्या दांडी या कोळ्यांच्या गावातली जमना तारापूरला एका अमेरिकन इंजिनियरच्या घरी कामाला होती. अणुवीज केंद्राचं बांधकाम तेव्हा जोरात चाललं होतं. साहेबाकडे सिगारांची एक लाकडी पेटी होती. सिगार कोरड्या पडू नयेत म्हणून तिच्यात ओला स्पंज आणि हवेतला ओलावा दाखवणारं घड्याळासारखं यंत्र असे. महिनाभरासाठी मायदेशी जाताना साहेबाने मोडक्या हिंदीत बजावलं, "काटा सत्तर पर रखना."

श्रावणात काटा ऐंशीच्या पुढे गेला आणि एका सिगारवर पांढरी बुरशी दिसली. जमना धसकली. तिचा जन्म बोंबील सुकवण्यात गेलेला. ओल म्हणजे नासाडी, एवढंच तिला ठाऊक. स्पंज काढून तिने सगळ्या सिगार साहेब यायच्या आधी दोन दिवस शेगडीच्या उबेला ठेवल्या आणि मग सगळं पेटीत होतं तसं परत ठेवलं.

साहेब परतला. त्याने सिगार बोटांत धरली, तशी ती चुरली.

"सिगार पिताजी का था," तो हळूच म्हणाला. "घडी खराब होगा."

जमनाने खाली पडलेला चुरा झाडून घेतला. पण साहेब ते यंत्र खोलून तपासत बसला, की तिला मेल्याहून मेल्यासारखं होई. जेवण गोड लागेना. पाचव्या दिवशी ती त्याच्यासमोर उभी राहिली.

"सायब, घड्याल बरोबर हाय. मीच सुकवल्या. आमी बोंबील असंच सुकवतो."

साहेबाने खोललेलं यंत्र बाजूला ठेवलं. मग "ठीक है, बाई," म्हणाला आणि आत गेला. तिचं काम सुटलं नाही. पण पेटीवरची धूळ तो स्वतःच पुसू लागला, आणि ते दिसलं की जमना मान खाली घालून दुसऱ्या खोलीत जाई.