तपासून आणलेला फणस
सकाळी पडवीत पिकल्या फणसाचा वास आला आणि मला ते दिवस आठवले. पोटात गाठ हाताला लागत होती, पण लाजेने मी कुणाला सांगितलं नव्हतं. एकदा कळ आली म्हणून सासूबाई पोटावर हिंग लावत होत्या, तेव्हा त्यांनाच ती सापडली. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला रत्नागिरीत डॉक्टरीणबाईंकडे नेलं. सोनोग्राफी बघून त्या म्हणाल्या, "गाठ पोटाच्या स्नायूची दिसते. अशी क्वचितच होते. साधी की कॅन्सरची, ते काढून तपासल्याशिवाय सांगता येणार नाही." सासूबाई म्हणाल्या, "फणसाचं पण तसंच गो बाय. कडक गऱ्यांचा कापा की मऊ गऱ्यांचा बरका, ते आत बघितल्याबिगर कळत नाय." ऑपरेशन झालं, गाठ तपासायला गेली आणि मी रिपोर्टची वाट बघत दिवस मोजू लागले. रिपोर्टच्या दिवशी सासूबाई फणस घेऊनच निघाल्या. गाठ साधी निघाली, फक्त दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करायची होती. डॉक्टरीणबाईंनी फणस घेत विचारलं, "आजी, हा कापा की बरका?" सासूबाईंनी फणसाला पाडलेली खाच दाखवली. "कापा. तुकडा काढून तपासलाय, मगच आणलाय." लाजायचं विसरून मी टाक्यांची जागा दुखेपर्यंत हसले. आज पुन्हा सोनोग्राफीला जायचं आहे, आणि पडवीतल्या फणसाला सकाळीच खाच पडली आहे.