पांढऱ्या दाण्याचं नवं

लालबागच्या आमच्या खोलीच्या चौकटीला दर दसऱ्याला गावचं नवं बांधलं जायचं. नवं म्हणजे नव्या भाताच्या लोंब्या, आंब्याच्या पानात गुंडाळलेल्या. धाकटे भावजी गावच्या आमच्या भाताच्या मळ्यातून त्या घेऊन येत. संपात ह्यांची मिल गेली तेव्हा खाडीकाठच्या त्याच मळ्यातल्या लाल तांदळाने आम्हाला जगवलं. पुढे मिलच्या जागी टॉवर उभा राहिला, तरी ह्यांची मान ताठ. म्हातारपणी मळ्यावर जाऊन राहायचं ठरलेलं. दर उन्हाळ्यात हे गावी जाऊन भावाबरोबर मळ्याचा मातीचा बांध लिंपून येत, म्हणजे खारं पाणी आत शिरत नसे.

एका उन्हाळ्यात भावजीच आमच्याकडे आले. म्हणाले, "दादा, यंदा तू येव नको. बांधाचा काम सरकार करतला. फक्त तुझी सही होयी."

कागद वाचायला हे चष्मा शोधायला लागले. आणि वांग्याचं देठ मोडून बघितल्याशिवाय वांगं न घेणारी मी काय म्हणाले? "भाऊ काय परका आहे? करा सही." वर सुरमईची मधली तुकडी भावजींच्याच पानात. हुशारी तरी किती असावी माणसाला.

दसऱ्याला भावजी नवं घेऊन हजर. मी चाळभर मिरवून आले, "आमचे भावजी म्हणजे लक्ष्मण हो." बांधण्याआधी ह्यांनी सवयीने एक दाणा सोलला. आत पांढरा.

"ह्या खंयचा रे?"

भावजी चहाच्या कपात बघत राहिले. "दादरच्या फूलबाजारातला."

"आणि आपला?"

"मळो नाय आता, दादा. बांध फोडलो."

मग एकेक बाहेर आलं. मुंबईत रस्त्यासाठी खाडीतली कांदळं, म्हणजे खारफुटीची झाडं, तोडली होती. त्याच्या बदल्यात दुसरीकडे कांदळं लावून पाखरांना जागा करून द्यायची होती. त्यासाठी सखल शेतं शोधत माणसं आमच्या गावापर्यंत पोचली. आमची सही त्यालाच झाली होती. मळ्यात भरतीचं पाणी सोडलं, भाताच्या जागी कांदळं लावली आणि राखणीला भावजींना नेमलं.

"पाखरां काय सुंदर येतत, वयनी. एकदा बघूक चला."

"बांध कोणी फोडलो?" ह्यांनी विचारलं.

"मियाच. दुसऱ्याचो हात लागूक नको म्हणान."

ह्यांनी स्टूल ओढलं. दारी आलेलं नवं परत धाडत नाहीत, म्हणून स्टुलावर चढून बांधलं. गाठ मात्र त्यांना दोनदा मारावी लागली. ती सुरमई मला आजही आठवते. निदान शेपटाकडची तुकडी तरी वाढायची होती.

पाखरांवर माझा राग नाही. त्यांचंही घर कुणीतरी मोडलंच होतं. पण दिवाळीच्या आत चाळीतल्या चिमण्यांनी त्या लोंब्या टिपायला सुरुवात केली, तेव्हा मी फडकं घेऊन धावले.

"खाऊ दे," हे आतून म्हणाले. "आपला थोडाच आसा ता."